१९६९ची हर्स्ट रॅम्बलर: चालती करायची आहे, नवी करायची नाही

मिशिगनकाठ

नमस्कार मंडळी,

गाडी घरी आली. १९६९ची एएमसी हर्स्ट एससी/रॅम्बलर, इकडच्या बोलीत 'स्क्रॅम्बलर'. सगळ्या मिळून १,५१२ निघाल्या, त्याही एकाच वर्षात, विस्कॉन्सिनमधल्या केनोशाच्या कारखान्यातून. मी राहतो तिथून केनोशा जवळ आहे, त्यामुळे गाडी माहेराजवळच राहिली. कित्येक वर्षं एका शेतावरच्या कोठारात उभी होती. मालक वारले, मुलांना जागा मोकळी करायची होती, आणि मी त्या कोठाराच्या दाराशी आधीपासून येऊन-जाऊन होतो.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. अमेरिकन मोटर्स (एएमसी) ही कंपनी १९५४ साली नॅश-केल्विनेटर आणि हडसन एकत्र येऊन झाली. केल्विनेटर म्हणजे आपल्या घराघरांत पोचलेला तोच फ्रिजवाला. डेट्रॉइटच्या तीन बड्या कंपन्यांपुढे एएमसी कायम पैशाने तोकडी. रॅम्बलर ही त्यांची सगळ्यात स्वस्त, काटकसरी गाडी. शाळेतल्या बाई, पोस्टातले कारकून, निवृत्त आजोबा यांनी घ्यायची. १९६९ हे अमेरिकेत रॅम्बलर नावाचं शेवटचं वर्ष, आणि जाता जाता कंपनीने या साध्यासुध्या गाडीत आपलं सगळ्यात मोठं इंजिन बसवलं: ३९० घनइंच, म्हणजे ६.४ लिटरचं व्ही-८, ३१५ अश्वशक्ती. गाडीचं वजन जेमतेम १,४०० किलोच्या वर. गिअरचा दांडा बनवणाऱ्या हर्स्ट कंपनीच्या जोडीने हा घाट घातला. किंमत २,९९८ डॉलर. पाव मैल १४.३ सेकंदांत, असं जाहिरातीतच छापलं होतं. ड्रॅग रेसिंगच्या (सरळ रस्त्यावरच्या पाव मैलाच्या शर्यतीच्या) स्टॉक वर्गात उतरवायला ठरावीक संख्येने गाड्या बनवाव्या लागत, म्हणून आधी ५०० काढायचा विचार होता. मागणी आली म्हणून आणखी काढल्या.

या गाडीत निवडायला काही नव्हतं. रंग येईल तो, इंजिन तेच, चार गिअरचा बोर्ग-वॉर्नर बॉक्स तोच. रेडिओ हवा की नको, एवढंच विचारायचे.

माझी गाडी 'ए' रंगसंगतीची आहे. पांढरं अंग, दोन्ही कुशींना रुंद लाल पट्टा, बॉनेटपासून टपावरून डिकीपर्यंत निळा पट्टा. बॉनेटवर चौकोनी खोक्यासारखा हवेचा स्कूप, त्याच्याकडे रोखलेला मोठा निळा बाण, त्यात '३९० क्यु. इं.' आणि स्कूपवर 'एअर' अशी अक्षरं. आत करड्या-काळ्या रेक्झिनच्या सीटा आणि लाल-पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांचे हेडरेस्ट.

आता अवस्था. इंजिन अडकलेलं नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडून आठवडाभर मुरू दिलं आणि लांब दांड्याने हाताने फिरवलं, फिरलं. डाव्या कुशीचा लाल रंग उन्हाने विटून विटकरी झालाय, उजवा चांगला आहे. बहुतेक कोठाराची खिडकी डावीकडे असणार. उजवा मागचा पत्रा चाकाच्या कमानीपाशी कुजलाय आणि कुणीतरी पूर्वी तिथे बक्कळ पुट्टी भरली आहे. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने गाड्या खालून वर कुजत येतात. पुढचं सस्पेन्शन ढिलं, ब्रेक गेलेले, ड्रायव्हरच्या सीटची शिवण उसवलेली. बाकी जे कारखान्याने लावलं ते जवळजवळ सगळं जागेवर आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे चर्चा त्यावर होईल. या गाडीची खरी ओळख तिच्या घाईत आहे. कमी पैशांत, थोड्या दिवसांत, हाताशी होते ते भाग जोडून केलेली गाडी आहे ही. तिला आरशासारखी चकाचक करून मांडली तर १९६९ साली अशी गाडी कधी नव्हतीच. म्हणून मी ती सुरक्षित चालेल इतकंच करणार. जे करेन ते उद्या कुणाला उलटवता आलं पाहिजे. जे काढेन ते फेकणार नाही.

तीन ठिकाणी अडलोय: रंग, मागचा एक्सल, आणि हेडच्या व्हॉल्व्ह सीटा (इंजिनच्या झडपा जिथे टेकतात त्या कडा). मतं हवीत.

अबोली_के

वाचनखूण साठवली. गाड्यांमधलं फार कळत नाही, पण लेख आवडला. एक बाळबोध शंका: मसल कार म्हणजे नक्की काय? मोठी गाडी?

मिशिगनकाठ

अबोली, शंका रास्त आहे. मध्यम किंवा छोट्या आकाराची, दोन दारांची, साधी कौटुंबिक गाडी. तीत मोठ्या गाडीचं व्ही-८ इंजिन. आणि किंमत अशी की नुकता नोकरीला लागलेला पोरगाही हप्त्यावर घेऊ शकेल. १९६४च्या पॉन्टिॲक जीटीओपासून ही लाट आली असं साधारण मानतात. पुढे विम्याचे हप्ते वाढले, धुराचे कायदे आले, १९७३ साली तेल भडकलं आणि लाट ओसरली. वळणावर या गाड्या फारशा शहाण्या नव्हत्या. सरळ रस्त्यावर मात्र त्यांना तोड नव्हती.

पिंपरीचा_रंगारी

काका, नमस्कार. माझं डेंटिंग-पेंटिंगचं वर्कशॉप आहे, जुन्या गाड्या बऱ्याच केल्यात. स्पष्ट बोलतो. एका बाजूचा लाल विटलेला, दुसऱ्या बाजूचा ताजा, मागचा पत्रा नव्याने करणार, म्हणजे एकाच गाडीवर तीन लाल दिसणार. गाडी ठिगळांची वाटेल. माझं मत: पत्र्यापर्यंत उघडी करा, इपॉक्सी प्रायमर मारा, बेस कोट, त्यावर पट्टे, आणि सगळ्यावर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. वीस वर्षं बघायला नको. आणि खालून गंज कुठे लपलाय तेही कळेल, जो आत्ता तुम्हाला दिसत नाहीये. रंग वाचवायच्या नादात पत्रा गमवाल.

मिशिगनकाठ

रंगारीभाऊ, गंजाचा मुद्दा सोळा आणे खरा. म्हणून आतून कॅमेरा घालून दारं, खालचे बॉक्स सेक्शन, मागच्या कमानी सगळं पाहिलं. उजवी मागची कमान आणि ड्रायव्हरच्या पायाखालची फरशी सोडली तर पत्रा घट्ट आहे. रंगाची जाडी मोजली. मूळ रंग आहे तिथे मीटर १०० मायक्रॉनच्या आसपास दाखवतं, उजव्या मागच्या पत्र्यावर आकडा एकदम कुठच्या कुठे जातो. म्हणजे पुट्टी तेवढ्याच जागी आहे.

क्लिअर मला का नको, ते सांगतो. एएमसी तेव्हा ॲक्रिलिक इनॅमल मारायची, वर क्लिअर नाही. पांढऱ्यावर पट्टी चिकटवून लाल आणि निळा मारलाय. माझ्या गाडीवर लाल-पांढऱ्याच्या सीमेवरून नख फिरवलं की कडेला बारीक उंचवटा लागतो. दाराच्या मागच्या कडेपाशी एका जागी चिकटपट्टी किंचित उचलली गेली असावी, तिथे लाल रंग पट्टीखालून पांढऱ्यावर शिरलाय, तांदळाच्या दाण्याएवढा. डाव्या दारावरचा आणि मागच्या पत्र्यावरचा पट्टा एकमेकांशी केसभर चुकलाय. केनोशातल्या कुणा कामगाराने शिफ्टमध्ये ती पट्टी लावली, ओढली आणि पुढच्या गाडीकडे वळला. वरून क्लिअर मारून घोटलं की उंचवटा गाडला जातो, कड गुळगुळीत होते, पट्टे छापल्यासारखे दिसतात. ते एकदा गेलं की कोणत्याही पैशाने परत येत नाही.

ऋजुता

मी संग्रहालयात वस्तूंच्या जतनाचं काम करते, गाड्यांचं नाही, पण हा प्रश्न आमच्या रोजचा आहे म्हणून लिहिते.

वास्तूंसाठी १९६४ची व्हेनिस सनद आहे हे अनेकांना माहीत असेल. तिच्या धर्तीवर जुन्या वाहनांसाठीही एक सनद आहे: फिवा या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१२ साली स्वीकारलेली ट्युरिन सनद. तिचा रोख काकांच्या भूमिकेशी जुळतो. जपणूक आधी, जीर्णोद्धार नंतर; हस्तक्षेप कमीत कमी; नवा भाग ओळखू यावा; आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद. शिवाय त्या सनदेत वाहन वापरात राहणं हाही जतनाचा भाग धरला आहे. त्यामुळे 'मूळ आहे म्हणून हात लावू नका, नुसती उभी करा' असा तिचा अर्थ कुणी काढू नये.

रंगारीभाऊंच्या 'तीन लाल' या आक्षेपावर: आमच्याकडे नवा तुकडा जुन्याशी दुरून एकजीव दिसावा आणि जवळून ओळखू यावा, असा दंडक आहे. मागचा पत्रा ताज्या लालात न रंगवता उजव्या दाराच्या आत्ताच्या लालाशी जुळवा. नव्या पत्र्याच्या आतल्या बाजूला तारीख कोरून ठेवा. डावी बाजू विटलेली तशीच राहू द्या. दोन्ही बाजू एकाच वेळी कुणालाच दिसत नाहीत!

काका, एक विनंती. सीटा काढाल तेव्हा खालच्या पत्र्यावर काही लिहिलेलं सापडतं का बघा. पुसू नका.

पिंपरीचा_रंगारी

ऋजुताताई, पटलं. दुरून एक, जवळून वेगळं, हे आमच्याही कामात बसतं.

काका, मग माझ्याकडून एवढं ऐका. सिंगल स्टेज रंग घ्या (रंग आणि चमक एकाच थरात), क्लिअर नको. विटलेला रंग जुळवायचा तर आधी उजव्या दारावर हाताएवढी जागा हलक्या पॉलिशने उघडा आणि जुळणी तिच्याशी करा. वरच्या मळाशी केली तर कधीच जुळणार नाही. पांढऱ्यात कणभर पिवळा आणि कणभर काळा लागेल. शेड कार्डावर विसंबू नका, पत्र्याच्या तुकड्यांवर मारून उन्हात आणि सावलीत दोन्हीकडे बघा. पट्ट्याची कड कारखान्यासारखी उठावदार हवी असेल तर लाल रंग ओला असतानाच चिकटपट्टी ओढा, सुकल्यावर ओढाल तर कड तुटते. आणि ती पट्टी पातळ प्लास्टिकची नको, कागदी घ्या. प्लास्टिकने रेघ फार सुबक येते, तुम्हाला ती नकोय.

मिशिगनकाठ

रंगारीभाऊ, हे सोन्यासारखं आहे. कागदी पट्टीचं माझ्या डोक्यातही आलं नसतं. असंच करतो.

ऋजुता, मागची सीट काढली. खाली पत्र्यावर जाड मेणखडूने दोन ओळी आकडे आणि एक तिरपी खूण आहे. अर्थ लागलेला नाही. फोटो काढले, वर हात फिरवलेला नाही.

व्यवहारी

मला वेगळं विचारायचंय. एवढ्या दुर्मिळ गाडीला पूर्ण जीर्णोद्धार केला तर बाजारात जास्त भाव नाही का येणार? आणि रॅम्बलर साधी गाडी होती, मग कुणीही साध्या रॅम्बलरला रंग मारून, मोठं इंजिन घालून स्क्रॅम्बलर म्हणून विकू शकतो. तुमची खरी कशावरून?

मिशिगनकाठ

दुसरा प्रश्न आधी. नकली भरपूर आहेत. चॅसिस क्रमांकात इंजिनचं अक्षर असतं. ३९०च्या चार बॅरलच्या इंजिनाला ते 'एक्स' आहे. त्या वर्षी साध्या रॅम्बलरमध्ये ३९० मिळतच नव्हतं, त्यामुळे रॅम्बलरच्या क्रमांकात 'एक्स' असेल तर ती हीच. रंग, स्कूप, बिल्ले सगळं बाजारात नवं मिळतं, त्यावर जाऊ नये. इंजिनचं म्हणाल तर एएमसीच्या ब्लॉकच्या कुशीला घनइंचांचा आकडा ओतीवातच उमटलेला असतो. माझ्यावर ३९० आहे.

भावाचं: अस्पर्श गाड्यांची कदर आता इकडे चांगलीच वाढलीय. अमेरिकेतल्या एएसीए या जुन्या गाड्यांच्या क्लबात मूळ वैशिष्ट्यं टिकवलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग आहे. पण मी विकायला घेतलेली नाही, त्यामुळे तो हिशोब माझ्या निर्णयात धरलेला नाही.

अबोली_के

फोटोत स्टिअरिंगच्या दांड्यावर एक गोल मीटर दिसतंय, आणि ते चक्क पाण्याच्या पाइपला लावतात तसल्या क्लॅम्पने आवळलंय. ते आधीच्या मालकाने लावलं का? काढणार असाल ना?

मिशिगनकाठ

बरं झालं विचारलंस, तो या गाडीचा माझा सगळ्यात लाडका भाग आहे. तो सन कंपनीचा टॅकोमीटर, इंजिनचे फेरे दाखवणारा. आणि तो क्लॅम्प कारखान्यानेच लावलाय! डॅशबोर्ड साध्या रॅम्बलरचा, त्यात फेऱ्यांच्या मीटरला जागाच नव्हती. नवा डॅशबोर्ड पाडायला डाय करावी लागली असती, तिचा खर्च दीड हजार गाड्यांवर कोण घालणार? दुकानात मिळणारा मीटर घेतला, पोलादी पट्टीने दांड्यावर आवळला, गाडी शोरूमला पाठवली. मी आयुष्यभर टूलरूममध्ये काढलंय. डाय टाळून वेळेत माल बाहेर काढणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, आणि तो क्लॅम्प बघितला की त्या माणसांबद्दल आदर वाटतो. एका प्रदर्शनात अशाच एका गाडीला त्या जागी मशीनवर कातलेलं चकचकीत ब्रॅकेट लावलेलं पाहिलं. काम उत्तम होतं. पण ती गाडी काय होती ते त्या ब्रॅकेटने पुसून टाकलं.

आठवा_सिलिंडर

उशिरा आलो धाग्यावर. मी डेट्रॉइटला ड्राइव्हलाइनमध्ये काम करतो, त्यामुळे एक्सलवर बोलायचा हक्क बजावतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एएमसीच्या या मागच्या एक्सलला मॉडेल २० म्हणतात. साधारण एक्सलमध्ये शाफ्ट आणि चाकाचा फ्लँज एकाच तुकड्यात घडवलेला असतो. यात हब वेगळा आणि शाफ्ट वेगळा. शाफ्टचं टोक निमुळतं, त्यावर बारीक दाते, हब त्यावर दाबून बसवायचा, मध्ये एक चावी आणि वरून नट. नट पुरेसा आवळलेला नसेल तर जोरात सुटताना हब शाफ्टवर घसरतो, चावी कापली जाते, आणि इंजिन गर्जत असताना गाडी जागच्या जागी. यामुळेच या एक्सलची बदनामी झाली. लोक सरसकट एक तुकड्याचे शाफ्ट घालतात.

माझं मत जरा वेगळं आहे. बदनामीचा मोठा वाटा चुकीच्या हाताळणीचा. नवा हब पहिल्यांदा चढवताना शाफ्टचे दाते त्यात आपली खाच स्वतः पाडतात. म्हणजे तो हब त्या शाफ्टचाच झाला. तो काढून दुसऱ्या शाफ्टवर घातला की पकड गेली. आणि नटाचा टॉर्क २५० फूट-पाउंड, म्हणजे साधारण ३४० न्यूटन मीटर. खिळीचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळायचा, मागे कधीच घ्यायचा नाही. घरगुती पान्याने हे होत नाही, म्हणून होत नव्हतं.

काका, तुम्ही गाडी ड्रॅगला नेणार आहात का? चिकट टायर घालून? नेणार असाल तर आजच एक तुकड्याचे शाफ्ट घाला, वाद नको. रस्त्यावर चालवणार असाल तर मूळचे ठेवा.

जीपवाला_सांगली

हा मॉडेल २० मला ओळखीचा वाटला म्हणून थांबलो. १९७० साली एएमसीने कैसरकडून जीप विकत घेतली, आणि पुढे १९७६पासून सीजे-७ जीपला मागे हाच एक्सल लागला, हाच दोन तुकड्यांचा. जीपवाले त्याच्याबद्दल हेच रडतात. आमच्याकडची महिंद्राची जुनी घराणी त्याच्या आधीच्या विलिसवरून आलेली, त्यामुळे आम्ही सुटलो. काका, हब काढायला झटका देऊन ओढणारा पुलर वापरू नका हं. बेअरिंगला आणि आतल्या थ्रस्ट ब्लॉकला मार बसतो. स्क्रूचा पुलर लावा, ताण देऊन रात्रभर ठेवा. सकाळी आपसूक निघतो.

मिशिगनकाठ

आठवा_सिलिंडर, जीपवाले, दोघांचे आभार. ड्रॅगला नेणार नाही. केनोशाला एएमसीवाले जमतात तिथवर आणि सरोवराकाठच्या रस्त्यावर, एवढीच तिची धाव.

तुमचं वाचून हब काढले. जीपवाल्यांचा रात्रभराचा उपाय बरोबर निघाला, डावा सकाळी टक्क आवाज करून स्वतःच सुटला. दोन्ही शाफ्टचे दाते शाबूत, चाव्यांवर कापल्याची खूण नाही. त्याच शाफ्टवर तेच हब परत घालतोय. तेलाचे सील नवे, डावीकडच्या शिम जशाच्या तशा मोजून परत. एक तुकड्याचे शाफ्ट मात्र घेऊन ठेवतो. माझ्यानंतर कुणाला जोरात पळवायची हौस आली तर जोडीला असू देत.

आठवा_सिलिंडर

उत्तम. आता इंजिनबद्दल. या इंजिनाचा ऑइल पंप वेगळा नसतो, पुढच्या ॲल्युमिनियमच्या टायमिंग कव्हरमध्येच त्याचे गिअर फिरतात. कव्हर आतून घासलं की प्रेशर पडतं, आणि लोक उगाच बेअरिंगला दोष देतात. फीलर गेज घालून फट मोजा. दुसरं, डिस्ट्रिब्युटरचा (प्लगना वीज वाटणाऱ्या भागाचा) गिअर आणि कॅमवरचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरचा) गिअर ही जोडी आहे. एक नवा आणि एक जुना कधीच नको, काही शे मैलांत दाते साफ होतात.

व्हॉल्व्ह सीटांबद्दल: शिसंविरहित पेट्रोलने सीटा झिजून खाली बसतात हे खरं, पण ते सतत भाराखाली, मोठ्या वेगाने मैलोन्मैल पळवलं तर. तुमच्या वापरात हेड उघडून कडक सीटा बसवायचं आत्ता कारण दिसत नाही. व्हॉल्व्हची उंची आज मोजून लिहून ठेवा, दरवर्षी ताडून बघा. खरोखर बसू लागल्या तर तेव्हा करा.

व्यवहारी

पण इंजिन न उघडता चालू करणं हा जुगार नाही का? एवढी वर्षं उभी होती.

मिशिगनकाठ

न उघडता नाही, पाहून. बोअरस्कोपने आठही सिलिंडर आतून पाहिले, भिंतींवर होनिंगच्या तिरप्या रेघा अजून दिसतात. तेलाचं पॅन उतरवून दोन बेअरिंग उघडून मोजली, मूळ मापाची आणि छान. या ३९०मध्ये क्रँक आणि कनेक्टिंग रॉड कारखान्यातूनच फोर्ज केलेले, तिथे काळजी नव्हती. कव्हर थोडं घासलंय पण मर्यादेत, फक्त पंपाचे गिअर बदलले. डिस्ट्रिब्युटर-कॅमची जोडी मूळचीच आहे, बदलली नाही. टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हमधले ठोकळे) सोळाच्या सोळा बाहेर काढले, लाकडी फळीला भोकं पाडून क्रमांक घालून ठेवले आणि ज्याचा तो त्याच्या घरात परत गेला. कॅम जुना असेल तर हे पाळावंच लागतं, अदलाबदल झाली की कॅमच्या लोबा खाऊन टाकतात.

पहिल्या सुरुवातीआधी डिस्ट्रिब्युटर काढून, त्या भोकातून दांडा घालून, ड्रिलने ऑइल पंप फिरवला. रॉकरपर्यंत तेल चढलेलं डोळ्यांनी पाहिलं, मगच किल्ली. जास्त जस्त असलेलं तेल घातलंय, या जुन्या चपट्या टॅपेटना ते लागतं. पेट्रोल इथे विस्कॉन्सिनमध्ये इथेनॉल नसलेलं प्रीमियम पंपावर मिळतं, ते मोठं सुख. १०.२ला १ असं कॉम्प्रेशन आहे, तेव्हाच्या पेट्रोलची आजच्याशी तुलना नको म्हणून टायमिंग दोन अंश मागे घेतलंय.

काल सुरू केली. पहिल्यांदा निळा धूर, मग पांढरा, मग काही नाही. आयडलला सगळी गाडी डावी-उजवीकडे हलते, आरशात काही दिसत नाही. ऑइल प्रेशर भक्कम. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की स्कूपमधली व्हॅक्यूमवर चालणारी झडप उघडायला हवी, ती उघडत नव्हती. आतला रबरी पडदा फाटलेला. धातूची डबी मूळची ठेवून पडदा तेवढा नवा घातला. आता उघडते, आणि उघडली की आवाजाची जात बदलते. आधी घुमणं असतं, मग ओरबाडणं.

अबोली_के

व्हिडिओ! व्हिडिओ टाका काका!

ऋजुता

+१. आणि ज्या गोष्टी बदलल्या त्यांची यादी पण टाकाल का? जपण्याबद्दल बोललो, बदलाबद्दल कमी.

मिशिगनकाठ

व्हिडिओ रविवारी.

बदल सांगतो. ब्रेकमध्ये जवळजवळ काही राखलेलं नाही. नळ्या, होज, मास्टर सिलिंडर, मागचे चाक-सिलिंडर सगळं नवं. पुढचे बेंडिक्सचे चार पिस्टनचे डिस्क कॅलिपर मूळचे, पण आत स्टेनलेसच्या बाह्या घालून घेतल्या, बाहेरून कळत नाही. पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या, कारण प्रवासात कुठे काय भरावं लागेल सांगता येत नाही. टायर जुने काढले. त्या काळच्या काचतंतूच्या पट्ट्याच्या टायरची हुबेहूब प्रतिकृती मिळते, ती निळ्या रंगाच्या मूळ रिमांवर चढवून प्रदर्शनापुरती. रस्त्यासाठी वेगळ्या रिमांवर रेडियल. सीटबेल्ट नवे. प्लॅटिनम पॉइंट ठेवलेत, इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलेलं नाही. पॉइंट घासले तर रस्त्याकडेला नेलफाइलने साफ होतात, आणि मला ते काम आवडतं. ड्रायव्हरच्या सीटची शिवण त्याच भोकांतून नव्या दोऱ्याने घालून घेतली, रेक्झिन तेच. उजवी कमान कापून नवा पत्रा वेल्ड केलाय, आतून तारीख कोरली. रंगारीभाऊंच्या रीतीने जुळणीचे तुकडे मारून सावलीत टांगलेत, त्यातला मधला मला पटतोय. फोटो टाकतो, तेवढा डोळा घाला.

पिंपरीचा_रंगारी

फोटो पाहिले. मधला नको, डावीकडचा घ्या. मधला ओला असताना जुळल्यासारखा वाटतो, सुकल्यावर गडद जाईल. आणि मारण्याआधी एक आठवडा तो तुकडा बाहेर उन्हात ठेवा.

मिशिगनकाठ

डावीकडचा ठरला.

आता राहिलं पुढचं सस्पेन्शन. १९६९पर्यंतच्या एएमसीत वर बॉल जॉइंट (गोळ्याचा सांधा) नाही, ट्रुनियन (बिजागरासारखा जुना सांधा) आहे; १९७०पासून बॉल जॉइंट आला. त्यामुळे पुढच्या वर्षाच्या गाडीचे भाग चालत नाहीत, आणि ट्रुनियनचे चांगले बुश शोधणं हेच मोठं काम होतं. ते मिळालेत. डावीकडचा ट्रुनियन ग्रीसअभावी खडखडतोय, उजवा बरा आहे, पण दोन्ही करणार. अडचण अशी की स्प्रिंग वरच्या आर्मच्या डोक्यावर बसते, ती दाबायला नेहमीचा कॉम्प्रेसर लागत नाही, एएमसीचं खास हत्यार लागतं. जुगाड करून ती स्प्रिंग सोडायची माझी तयारी नाही, सुटली तर माणूस जायचा. शिकागो ते मिलवॉकी या पट्ट्यात कुणाकडे ते हत्यार असेल किंवा कुणाच्या ओळखीत एएमसीवाला असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप करा. दोन दिवसांसाठी हवंय, येऊन घेऊन जाईन आणि आणून देईन.